घरातल्या पुस्तकांसाठी फळी किती लांब असावी?

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त करून, पण विचारणाऱ्यांचा मुद्दा कायम ठेवून, त्यांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. वडिलांकडून आलेली आणि आमची अशी मिळून सुमारे १८०० पुस्तके घरात आहेत आणि महिन्याला आठ-दहा नवी येतात. दिवाणखान्याची १३ फुटी भिंत पूर्ण भरून टाकली की पुढची दहा वर्षे पाहायला नको, असे मला वाटते. सुतार चार-चार फुटांचे तीन भाग आणि १५ इंच खोली असे माप सांगतो. मुलीचे म्हणणे असे की, तयार रॅक मागवावेत. काय योग्य होईल? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपण भिंत मोजली आहे, पण पुस्तके मोजलेली दिसत नाहीत, आणि नेमका तेथेच घोटाळा होतो. एका सरळ फुटात साधारण बारा ते चौदा मराठी पुस्तके उभी राहतात. कवितासंग्रह असतील तर जास्त आणि चरित्रे किंवा कोश असतील तर बरीच कमी. तेरा हा आकडा धरला तर १८०० पुस्तकांना सुमारे १४० फूट फळी लागते, आणि वर्षाला शंभर नवी पुस्तके येणार असतील तर त्यात दरवर्षी आठ-एक फुटांची भर पडते. आता भिंतीकडे पाहू. तेरा फुटांत अडीच फुटांचे पाच भाग बसतात आणि उभ्या फळ्यांची जाडी धरूनही इंच-दोन इंच उरतात. मांडणी ८ फूट उंच केली तर प्रत्येक भागात ८ कप्पे निघतात. म्हणजे एकूण १०० फूट झाले आणि तेही अगदी ठासून भरले तर १३०० पुस्तकांचे झाले. ही भिंत आपल्या आजच्याच संग्रहाला अपुरी आहे, मग दहा वर्षांचा प्रश्नच उरत नाही. दुसरी जागा आत्ताच ठरवावी. दोन बेडरूमच्या मधला बोळ, दाराच्या वरची पट्टी किंवा अभ्यासाच्या टेबलामागची भिंत अशा जागांकडे लोकांचे सहसा लक्ष जात नाही. नऊ-दहा इंच खोलीची मांडणी तेथे कोणाच्या येण्याजाण्याच्या आड येत नाही.

१५ इंच खोली मला मुळीच पटत नाही. आपल्याकडची बहुतेक पुस्तके डेमी किंवा क्राउन आकाराची असतात. डेमी पुस्तक साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद असते. त्याला १५ इंच खोली दिली की मागे उरलेली नऊ इंच जागा दुसऱ्या रांगेला बोलावून घेते, आणि मागच्या रांगेतली पुस्तके घरात असूनही नसल्यासारखी होतात. माझ्याकडे एका प्रवासवर्णनाच्या दोन प्रती आहेत. दुसरी मी अप्पा बळवंत चौकातून विकत आणली तेव्हा पहिली घरात मागच्या रांगेत निमूट उभी होती. शिवाय दोन रांगा म्हणजे फळीवर दुप्पट वजन. सुतार मंडळी १२ किंवा १५ इंच सांगतात ती कपड्यांच्या आणि भांड्यांच्या कपाटांच्या सवयीने.

पुस्तकांना सव्वानऊ इंच खोली पुरते आणि दिवाळी अंकही तीत सहज मावतात. यात प्लायची बचतही बरीच होते. ८ फूट बाय ४ फूट शीटमधून लांबीच्या दिशेने सव्वानऊ इंची पाच पट्ट्या निघतात आणि प्रत्येक पट्टीचे साडेएकतीस इंचांचे तीन तुकडे होतात. करवतीचा भुगा वजा जाऊनही एका शीटमध्ये पंधरा फळ्या, म्हणजे जवळजवळ ३९ फूट फळी मिळते. सुतारांच्या मापाने, १५ इंची आणि चार फुटी, त्याच शीटमधून फक्त सहा फळ्या, म्हणजे २४ फूट निघतात. आपल्या भिंतीच्या सगळ्या अडीच फुटी आडव्या फळ्या, वरचे झाकण धरून, ४५ होतात आणि त्या बरोबर तीन शीटमध्ये बसतात. कापताना एवढेच पाहावे की, प्लायच्या वरच्या थराची नस फळीच्या लांबीला समांतर राहील. ती आडवी गेली तर तीच फळी लवकर वाकते.

आता लांबीविषयी. या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्लेली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पंचवीस वर्षांपूर्वी मी १८ मिलिमीटर प्लायच्या चार फुटी फळ्या करून घेतल्या. दिसायला सुरेख होत्या. दोन पावसाळे उलटल्यावर एका रविवारी फळीच्या दोन टोकांना दोरा ताणून धरला आणि मध्यभागी फूटपट्टी लावली, तर पाऊण इंच बाक आलेला. सुतार म्हणाला, उलट्या करू. उलट्या केल्या, पहिले काही महिने फळ्या वर फुगलेल्या दिसत होत्या, मग सपाट झाल्या, आणि वर्षभरात पुन्हा खाली गेल्या. शेवटी प्रत्येक कप्प्यात मधोमध उभा आधार ठोकावा लागला, आणि सुरेखपणा संपला.

असे होण्याचे कारण साधे आहे. फळीभर सारखे वजन असेल तर तिचा बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. अडीच फुटांऐवजी चार फूट लांबी घेतली की लांबी दीडपटीहून थोडी अधिक होते, पण बाक मात्र सुमारे साडेसहा पट होतो. उलट जाडी वाढवली की बाक जाडीच्या तिसऱ्या घाताने कमी होतो. १८ ऐवजी २५ मिलिमीटर जाडी घेतली तर तो जवळजवळ एक-तृतीयांशावर येतो. पुस्तकांनी भरलेल्या एका फुटाचे वजन आठ ते बारा किलो असते, म्हणजे आपल्या अडीच फुटी फळीवर पंचवीस किलोंच्या आसपास भार कायमचा उभा राहणार आहे. कपडे काढले-ठेवले जातात, पुस्तके वर्षानुवर्षे जागची हलत नाहीत, आणि लाकूड अशा अखंड भाराखाली हळूहळू वाकत राहते. १८ मिलिमीटर प्लाय आणि अडीच फूट, साडेएकतीस इंच ही कमाल, एवढे पथ्य पाळले तर बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत. त्यातून कोणाला तीन फूटच हवे असतील, तर फळीच्या पुढच्या कडेला दीड इंची सागवानी पट्टी उभी लावून घ्यावी. या लिपिंगमुळे फळीचा ताठपणा दुपटीच्या आसपास जातो. किंवा प्लायऐवजी ब्लॉकबोर्ड घ्यावा, कारण त्याच्या आतल्या लाकडी पट्ट्या लांबीच्या दिशेने असतात.

तयार रॅकविषयी मुलीचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे नाही. काम एका दुपारी होते, घरात भुसा आणि फेव्हिकॉलचा वास नसतो. पण त्यातले बहुतेक रॅक लाकडाचा चुरा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाचे किंवा एमडीएफचे असतात, आणि तेवढ्याच जाडीच्या प्लायच्या तुलनेत हे बोर्ड साधारण निम्मेच ताठ असतात. ओल लागली की पार्टिकल बोर्ड फुगतो तो पुन्हा बसत नाही. घर बदलताना त्याचे स्क्रू एकदा-दोनदा काढले की भोके सैल होतात. घ्यायचेच असतील तर फळी दोन-सव्वादोन फुटांहून लांब नसलेलेच घ्यावेत.

प्लायला पैसे घालताना पुण्याच्या हवेसाठी किमान बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्रतीचा, आयएस ३०३ हे भारतीय मानक छापलेला प्लाय घ्यावा. आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लाय, दिवाणखान्याच्या पुस्तकांसाठी अनावश्यक आहे, मात्र सर्वांत खालच्या फळीला आणि पायाला तो वापरला तर पैसे वाया जाणार नाहीत. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एक चक्कर मारून शीटची कड स्वतः पाहावी. थरांमध्ये फटी दिसल्या तर शिक्का कोणताही असो, शीट परत करावे.

फळ्या कायमच्या ठोकून घेऊ नयेत. उभ्या फळ्यांना दर दोन इंचांवर भोके पाडून शेल्फ पिनांवर त्या ठेवाव्यात. सर्वांत खालचा कप्पा १३ इंच उंचीचा राखावा, कारण विश्वकोशाचे खंड, नकाशे आणि कलाविषयक पुस्तके तेथेच जातील आणि जड वस्तू तळाला असलेली बरी. बाकीच्या कप्प्यांना साडेनऊ इंच मोकळी उंची पुरते. आणि हे विसरू नये की, ८ फूट उंच आणि सव्वानऊ इंच खोल मांडणी स्वतःच्या पायावर सुरक्षित नसते. लहान मूल खालच्या फळीवर पाय देऊन चढले तर ती पुढे येऊ शकते. वरच्या बाजूला प्रत्येक उभ्या फळीशी एक एल अँगल लावून ती भिंतीला बांधावी. नव्या इमारतींत भिंती बहुधा हलक्या ब्लॉकच्या, ज्यांना सगळे सिपोरेक्स म्हणतात, त्या असतात. तेथे स्क्रूसाठी भोकात घालायचा साधा प्लग, म्हणजे फिशर, धरत नाही, अशा ब्लॉकसाठीचा वेगळा प्लग मागून घ्यावा लागतो.

प्रश्न : आमचा वाडा सदाशिव पेठेत आहे. माडीची जमीन कडीपाटाची, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेली आहे. आजोबांच्या पोथ्या, ग्रंथ आणि माझी कायद्याची पुस्तके ठेवायला माडीवरच्या खोलीत मोठी कपाटे केली तर चालतील का? की जमीन बसेल? (एक वाचिका, सदाशिव पेठ)

उत्तर : बसेल की नाही हे पत्रावरून सांगणे जबाबदारीचे होणार नाही. वाड्याची तुळई आणि कड्या ज्याने हात लावून, टोचून पाहिल्या आहेत असा स्थापत्य अभियंताच ते सांगू शकेल. पण त्याला बोलावण्यापूर्वी आपल्याला काही गोष्टी समजून घेता येतील.

पुस्तके किती जड असतात याचा अंदाज आपल्याला नसतो. सात फूट उंच, सहा कप्प्यांच्या मांडणीचे वजन पुस्तकांसह एका सरळ फुटाला साठ-सत्तर किलो होते. दहा फूट लांबीची मांडणी म्हणजे सहाशे-सातशे किलो, आणि हा भार पाहुण्यांसारखा रात्री उठून घरी जात नाही. भारतीय मानकानुसार (आयएस ८७५, भाग २) राहत्या खोलीच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भार (माणसे, सामान यांचा) धरला जातो, तर ग्रंथालयाच्या पुस्तकसाठ्याच्या खोलीसाठी २.२ मीटर उंचीपर्यंत सुमारे ६०० किलो, आणि त्यापुढील प्रत्येक मीटर उंचीला आणखी २०० किलो. या तिपटीच्या फरकामुळेच आरसीसी इमारतीतही मांडण्या भिंतीलगत असाव्यात. खोलीच्या मधोमध ग्रंथालयासारख्या रांगा लावू नयेत. बाल्कनी बंद करून तेथे ग्रंथसंग्रह हलवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरावा, कारण ती स्लॅब बहुधा एका बाजूनेच धरलेली असते.

कडीपाटाच्या बाबतीत दिशा महत्त्वाची असते. खालच्या खोलीत उभे राहून वर पाहिले की कड्या कोणत्या भिंतीपासून कोणत्या भिंतीपर्यंत गेल्या आहेत ते दिसते. ज्या भिंतीत कड्यांची टोके रुतलेली आहेत, त्या भिंतीला लागून मांडणी ठेवली तर वजन अनेक कड्यांवर आणि त्यांच्या आधाराजवळच पडते. त्याउलट कड्यांना समांतर असलेल्या भिंतीला ठेवली, तर सगळा भार एक-दोन कड्यांच्या वाट्याला येतो आणि त्यांच्या ऐन मध्यावर येतो, जेथे त्या सर्वांत दुबळ्या असतात. आपल्या खोलीत नेमकी हीच भिंत मोकळी असेल, तर मोकळी आहे म्हणून ती वापरू नये. कड्यांची टोके भिंतीत जेथे शिरतात तेथे ओल आणि वाळवी आधी येते, म्हणून अभियंत्याला ती टोके आवर्जून तपासायला सांगावे.

वकिलीची पुस्तके, म्हणजे निकालपत्रांचे जाड बांधीव खंड, ही सर्वांत वजनदार असतात. ती तळमजल्यावर ठेवता आली तर निम्मा प्रश्न मिटेल. पोथ्या हलक्या असतात. त्या आडव्याच ठेवाव्यात, सुती रुमालात बांधून. दोन पोथ्यांवर तिसरी चालेल, पण दहांचा ढीग नको.

प्रश्न : काचेची दारे हवीत की उघडी मांडणी? काचेच्या कपाटात गेल्या पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी आली, आणि उघड्या मांडणीत धूळ. शिवाय कसर लागली आहे. आमचे घर सिंहगड रस्त्याला तळमजल्यावर आहे. (एक वाचक)

उत्तर : माझा कौल उघड्या मांडणीला आहे, पण तो सरसकट नाही. बुरशीला दमट आणि स्थिर हवा लागते. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की ती धरते, आणि पुण्यात जून ते सप्टेंबर ही स्थिती नेहमीचीच असते. घट्ट काचेच्या कपाटात ओल एकदा शिरली की बाहेर पडायला वाट नसते. धूळ फडक्याने पुसता येते. बुरशीचे डाग मात्र जात नाहीत. दुर्मीळ किंवा जुनी पुस्तके असतील तर तेवढ्यांसाठी सरकत्या काचांचे एक कपाट ठेवावे, पाठीच्या प्लायला वर-खाली बोटभर भोके पाडावीत आणि पावसाळ्यात कोरडे ऊन पडेल त्या दिवशी काचा तासभर उघड्या टाकाव्यात. पुस्तके मात्र थेट उन्हात मांडू नयेत, कारण त्यांच्या पाठी फिकट पडतात आणि डिंक सुटतो.

जागा निवडताना नैर्ऋत्येकडची आणि पश्चिमेकडची बाहेरची भिंत शक्यतो टाळावी, कारण पाऊस तिकडूनच झोडपतो. न्हाणीघराला लागून असलेली भिंतही नको. दुसरी जागाच नसेल तर मांडणी भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवावी, म्हणजे हवा खेळेल आणि वाळवीची मातीची नळी भिंतीवरून चढू लागली तर ती दिसेल. मांडणी भिंतीत बसवून टाकली की वाळवी पुस्तकातून बाहेर डोकावते तेव्हाच कळते.

कसरीला खळ आवडते. जुन्या बांधणीतली खळ, कापडी पुठ्ठे आणि गुळगुळीत कागद हे तिचे खाद्य आहे आणि ओलाव्यात ती वाढते. फळीवर वर्तमानपत्र अंथरण्याची आपली सवय तिच्या सोयीची आहे. तो आम्लधर्मी कागद पुस्तकांनाही बाधतो, म्हणून फळी उघडीच ठेवावी. वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळला पाला पूर्वापार वापरला जातो. त्याने थोडाफार अटकाव होतो, पण लागलेली कसर त्याने जात नाही. डांबरगोळ्या मी सुचवत नाही, विशेषतः घरात तान्हे मूल असेल तर. मोजकीच पुस्तके किडली असतील तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावीत आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्यावी, नाहीतर थंड कागदावर दव जमते. बुरशी आलेल्या पुस्तकांना हा उपाय लागू नाही. ती पंख्याच्या वाऱ्यावर वाळवून कोरड्या, मऊ ब्रशने गॅलरीत झाडावीत, आणि झाडताना तोंडाला रुमाल बांधावा.

तळमजला असल्याने आणखी एक सांगणे भाग आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर नदीकाठच्या पेठांची काय दशा झाली ते जुन्या पुणेकरांना ठाऊकच आहे. पण इतके मागे जायलाच नको. २५ जुलै २०२४ रोजी आपल्याच रस्त्यावरच्या एकता नगरीत तळमजल्यांत पाणी शिरले होते. आपले घर नदीच्या किंवा ओढ्याच्या बाजूला असेल तर जड पुस्तके तळाला ठेवण्याचा वर पहिल्या पत्राला दिलेला सल्ला आपण मानू नये. सर्वांत खालच्या दोन कप्प्यांत पुन्हा विकत मिळतील अशीच पुस्तके ठेवावीत आणि हस्तलिखिते, कौटुंबिक कागद व सह्या केलेल्या प्रती छातीच्या उंचीवर न्याव्यात. पायाला प्लायऐवजी लोखंडी चौकट घेतली तर ओले झाल्यावर निदान मांडणी तरी वाचेल.

प्रश्न : मी भाड्याच्या घरात राहते, दर अकरा महिन्यांनी घर बदलण्याची शक्यता असते आणि भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही. पुस्तके ४०० आहेत. (एक वाचिका, कर्वेनगर)

उत्तर : आपल्यासाठी लोखंडी स्लॉटेड अँगलचे रॅक सर्वांत सोयीचे होतील. ते नट-बोल्टचे असल्याने सुटे होतात, टेम्पोत आडवे जातात आणि पाचव्यांदा जोडले तरी सैल पडत नाहीत. चारशे पुस्तकांना तीस-एकतीस फूट फळी लागते, म्हणजे तीन फुटी पाच कप्प्यांचे दोन रॅक जेमतेम पुरतील आणि पुढच्या वाढीसाठी तिसरा लागेल. फळीचा गेज विचारून घ्यावा. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. २२ पेक्षा २० गेज बरा. भिंतीला बांधता येत नसल्यामुळे उंची साडेपाच फुटांवर थांबवावी, रॅक एकमेकांना बोल्टने जोडून घ्यावेत आणि जड पुस्तके तळाला भरावीत. पत्र्याच्या कडांनी पुस्तकांचे पुठ्ठे कापले जातात, म्हणून प्रत्येक फळीवर मापाने कापलेला जाड माउंट बोर्ड ठेवावा. घर बदलताना पुस्तके मोठ्या खोक्यांत भरू नयेत. हमाल ती उचलत नाहीत आणि उचललीच तर खोक्याचा तळ जिन्यात सुटतो. किराणा दुकानातून तेलाच्या पिशव्यांची रिकामी खोकी मागून आणावीत. पंधरा किलोंच्या आसपास भरतील एवढीच ती मोठी असतात आणि मजबूतही असतात. मात्र आतून तेलकट तर नाहीत ना, हे आधी हात फिरवून पाहावे.